ब्रिओना टेलरच्या हत्येचा खटला का उभा राहिला नाही?

प्रश्न : अमेरिकेतील केंटकी राज्यात ब्रिओना टेलर या तरुणीचा तिच्याच घरात पोलिसांच्या गोळ्यांनी मृत्यू झाला. तिच्या हाती शस्त्र नव्हते, घरात अमली पदार्थही सापडले नाहीत. तरीही एकाही पोलिसावर हत्येचा खटला का चालला नाही? कुटुंबाला मिळालेली भरपाई ही गुन्ह्याची कबुली समजावी का?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण ते समाधान देणारे नाही. १३ मार्च २०२० रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर लुईव्हिल शहराचे साध्या वेशातील पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन टेलर यांच्या दारी आले. आम्ही दार ठोठावले आणि आपली ओळखही सांगितली, असे त्यांचे म्हणणे. ठोठावणे ऐकू आले, पण बाहेर पोलीस आहेत हे कळलेच नाही, असे घरात असलेल्या टेलर यांच्या मित्राचे म्हणणे. दार फुटताच घरफोडे आत शिरत आहेत असे समजून त्याने एक गोळी झाडली. ती एका अधिकाऱ्याच्या मांडीत लागली आणि त्यानंतर तिघा पोलिसांनी मिळून ३२ गोळ्या झाडल्या. २६ वर्षांच्या टेलर त्यांपैकी काही गोळ्या लागून मरण पावल्या.

पहिली गोळी आतून सुटली असल्यामुळे दोघा अधिकाऱ्यांचा प्रतिगोळीबार स्वसंरक्षणार्थ होता, अशी भूमिका राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने, घेतली. हत्येचे आरोप आमच्यापुढे मांडलेच गेले नाहीत, हे पुढे ग्रँड ज्युरीतील, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळातील, काही सदस्यांनी स्वतः सांगितले. तिसरे अधिकारी ब्रेट हँकिसन यांच्यावर शेजाऱ्यांचे जीव धोक्यात घातल्याचा आरोप ठेवला गेला, कारण त्यांच्या गोळ्या शेजारच्या घरात घुसल्या होत्या. त्यातून ते मार्च २०२२ मध्ये निर्दोष सुटले. नंतर संघराज्याच्या न्यायालयात टेलर यांच्या नागरी हक्कांचा भंग केल्याबद्दल ते दोषी ठरले आणि जुलै २०२५ मध्ये त्यांना ३३ महिन्यांची कैद झाली. म्हणजे गोळीबाराबद्दल शिक्षा झाली ती ज्याची एकही गोळी टेलर यांना लागली नव्हती त्या अधिकाऱ्याला. ही विसंगती कुटुंबाला किती जाचत असेल, याची कल्पना करवत नाही.

माझ्या मते खरा अपराध दारापाशी नव्हे, त्याच्या आधी कागदावर घडला. टेलर यांचा पूर्वीचा मित्र अमली पदार्थांच्या प्रकरणात संशयित होता; त्याची पार्सले टेलर यांच्या पत्त्यावर येतात, याची टपाल खात्याच्या निरीक्षकाकडून खात्री केली आहे, असे वॉरंटसाठीच्या प्रतिज्ञापत्रात लिहिले होते. ते खोटे होते, आणि त्या कटातील सहभाग एका महिला अधिकाऱ्याने ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात कबूल केला. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी मृत्यूचे कायदेशीर कारण खोटे वॉरंट नसून मित्राने झाडलेली गोळी आहे, असे ठरवून वॉरंट मिळवणाऱ्या दोघा पोलिसांवरील सर्वांत गंभीर आरोप काढून टाकले. ज्याने आपल्या घराच्या बचावासाठी गोळी झाडली आणि ज्याच्यावरील आरोप सरकारने स्वतःच मागे घेतले, त्याच्याच माथी मृत्यूचे कारण येऊन बसावे, हे मला मान्य होण्यासारखे नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात, ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’मध्ये, पोलिसांचा बळाचा वापर पारखताना केवळ धोक्याचा तो क्षण नव्हे तर आधीची सर्व परिस्थिती पाहावी, असे एकमताने सांगितले. मात्र पोलिसांनी स्वतःच निर्माण केलेल्या धोक्याचे काय, हा प्रश्न त्या निकालाने खुला ठेवला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये शहराने १ कोटी २० लाख डॉलर देऊन दिवाणी दावा तडजोडीने मिटवला, पण चूक मान्य केली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नगर परिषदेने सूचना न देता घरात शिरण्याच्या वॉरंटवर टेलर यांच्या नावाच्या कायद्याने बंदी घातली. २०२१ च्या राज्य कायद्याने मात्र अशा वॉरंटवर केवळ मर्यादा आणल्या. पोलीस दलाच्या सुधारणेसाठी संघराज्याच्या न्याय विभागाशी डिसेंबर २०२४ मध्ये झालेला करार न्यायालयाच्या देखरेखीखाली अमलात येणार होता, पण सत्तांतरानंतर मे २०२५ मध्ये त्या विभागानेच त्यातून माघार घेतली.