हत्ती आहे म्हणून भारताचे?

प्रश्न : एका प्रदर्शनात चांदीचे जुने रोमन नाणे घेतले. एका बाजूला हत्ती, त्याखाली रोमन अक्षरांत 'सीझर'. दुसऱ्या बाजूला भांड्यांसारखे काहीतरी. हत्ती आहे म्हणजे भारताशी व्यापारासाठी पाडले असेल का? वजन ५.४ ग्रॅम, कडेला बारीक रेघ आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : हत्ती दिसला की आपल्याला आपलाच वाटतो, पण या हत्तीचा भारताशी संबंध नाही. दक्षिण भारतात रोमन चांदीची नाणी सापडतात ती मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियस या रोमन सम्राटांची. तुम्ही वर्णन केलेला छाप त्याआधीचा, ज्युलियस सीझरचा. इ.स.पू. ४९ मध्ये तो रुबिकॉन नदी ओलांडून रोमवर चालून गेला, त्या यादवीच्या धामधुमीत ही नाणी पडली. सैनिकांचे पगार भागवायचे होते ना!

हत्तीच्या पायाखाली काय आहे यावर अभ्यासकांत वाद आहे. कुणी साप म्हणतात, कुणी गॉल (आजचा फ्रान्स) भागातल्या लोकांचे रणशिंग. मला सापच दिसतो, पण हट्ट नाही.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे. ती 'भांडी' म्हणजे पूजेची उपकरणे : आपल्या पळीसारखे लांब दांड्याचे पात्र, पाणी शिंपडायचा कुंचा, बळीची कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोकदार टोपी. सीझर इ.स.पू. ६३ पासून रोमचा मुख्य पुरोहित होता. स्वतःचा चेहरा छापायची हिंमत त्याने इ.स.पू. ४४ मध्ये केली. तोवर पळी-कुंच्यावर भागवले.

आता तुमच्या नाण्याकडे वळतो. सराफी पेढीवर ३० वर्षे काढल्यामुळे माझा हात आधी तराजूकडे जातो. या काळचा देनारियस, म्हणजे असे रोमन चांदीचे नाणे (आपल्या 'दीनार' शब्दाचा हा मूळपुरुष), साधारण ३.९ ग्रॅम भरतो. झीज झाली तर वजन घटेल, दीड ग्रॅम वाढणार कसे? शिवाय अस्सल नाणे दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवून, वरून घण मारून पाडत. त्यामुळे छाप एका अंगाला सरकलेला असतो, कडा फाटलेली असते, पण कडेभोवती सलग रेघ नसते. अशी रेघ साच्याच्या दोन अर्धांच्या सांध्यावर येते. म्हणजे ओतीव नक्कल. भिंग घेऊन हत्तीच्या पोटाजवळ बघा, बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर शंका उरणार नाही.

मीही एकदा असाच हत्ती घरी आणला होता, तोही तराजू खिशात असताना. पावती असेल तर या आठवड्यातच परत करा.