पाय काठावर

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. हर्णैच्या जेटीवरून कुत्रं उधाणाच्या पाण्यात पडलं, सुकतीने, म्हणजे ओहोटीने, त्याला खोल समुद्राकडे ओढलं, तू शर्ट काढलास आणि कुणीतरी मागून तुझ्या कमरेला विळखा घातला. आता पोरं चिडवतात आणि तू मला विचारतोस, उडी मारायला हवी होती का. वर तो व्हिडिओ, बर्फ फोडत तळ्यात शिरणाऱ्या माणसाचा. आता जहाजावर चाललास, तिकडे असं काही दिसलं तर काय करायचं, हाही प्रश्न.

पाय काठावर ठेवायचे. इथेही आणि तिकडेही. बांबू घे, दोर टाक, होडी काढ, बोंब मारून गाव गोळा कर. पण पाय काठावर.

कुत्रं पुढे कुठेतरी किनाऱ्याला लागलं असेल, असं लिहून मी तुझी समजूत काढणार नाही. पौर्णिमेच्या सुकतीचा जोर तुला माहीत आहे. गेलं असेल ते.

तू धर्मराजाचा दाखला दिलास. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही म्हणाला, खरं आहे. पण त्याने सोडलं काय, तर स्वर्ग. तो एकट्याचा होता, सोडला. तू पाण्यात शिरलास की तुझ्यामागे तुझा भाऊ शिरणार, त्याच्यामागे ज्याने तुला धरलं तो शिरणार. आपल्याकडे बुडण्याच्या बातम्या वाच, एकाला काढायला दुसरा गेला हे वाक्य किती वेळा येतं बघ. आणि कोकणचं पाणी कोमट म्हणून दयाळू नसतं. २०१६ साली जंजिऱ्याच्या मुरूडला कॉलेजची १४ मुलं गेली, तो महिना फेब्रुवारी होता, पावसाळा नव्हे.

कुत्र्याचा जीव तो केवढा, असं म्हणणाऱ्यांत मात्र मला धरू नकोस. तो हिशेब मला आवडत नाही. माणूस पडला असता तरी हेच सांगितलं असतं. पाण्यात कोण पडलंय ते पाणी बघत नाही. त्यामुळे तुझी पोरं 'साध्या कुत्र्यासाठी' म्हणोत नाहीतर 'घाबरट' म्हणोत, दोघांनाही पाणी कळलेलं नाही.

आता बर्फाचं. फिनलंडच्या कोटका बंदरात आम्ही कागदाचे रीळ भरत होतो. मी तेव्हा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम होतो. बंदरातलं एक कुत्रं पक्ष्यामागे धावत गोठलेल्या पाण्यावर गेलं. आइसब्रेकरने फोडलेल्या वाटेवर रात्रीत नवा पातळ बर्फ धरतो, वरून हिम पडलं की जाड-पातळ सगळं सारखंच पांढरं. कुत्रं खाली गेलं, वर आलं, पुढचे पंजे कडेवर टेकवून ओरडायला लागलं. नख लावलं की कडा तुटायची. दाभोळकडचा एक पोरगा, तुझ्याच वयाचा, गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, उतरून धावला. मी त्याला बॉयलर सूटच्या कॉलरला धरून आडवा पाडला आणि त्याच्यावर बसलो. हो, बसलो. आम्ही बोया फेकला, पण कुत्र्याला बोया धरता येत नाही. अग्निशमनवाले सूट घालून, सपाट झोपून, स्लेज ढकलत गेले. तोवर कुत्रं दिसेनासं झालं होतं. तो पोरगा सुएझ येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. इतरही फार बोलले नाहीत. 'सारंगाला काळीज नाही' हे मेसमध्ये मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने बोललं गेलं.

मी त्या दिवशी बरोबर होतो. आजही बरोबर आहे. ज्या बर्फाने वीस किलोचं कुत्रं तोललं नाही, तो त्या पोराचे सत्तर किलो तोलणार होता का? मग इतकी वर्षं ते पंजे कशाला दिसतात, असं तुझी काकी विचारते. दिसतात. दिसू देत. त्या पोराच्या आईला तार करायची वेळ आली नाही. यापेक्षा जास्त मला कुणाला समजावायचं नाही.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी यावर सगळी हयात घालवली, स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून. त्यांचा हिशेब १-१०-१ असा. पहिला एक मिनिट धाप: थंडीच्या धक्क्याने श्वास आपोआप आत ओढला जातो, तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत. पुढची दहा मिनिटं हातपाय कसेबसे ऐकतात, मग बोटं दोरसुद्धा धरत नाहीत. शुद्ध जायला तासभर. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बुडून मरतो. तू पट्टीचा पोहणारा आहेस, रोज खाडी पार करतोस, हे त्या पहिल्या मिनिटाला कामाचं नाही. आणि बिथरलेलं कुत्रं तुझ्या डोक्यावर चढणार ते वेगळंच.

तुझ्या पी.एस.टी.च्या, म्हणजे समुद्रात जीव वाचवायच्या कोर्समध्ये इमर्शन सूट, तो थंड पाण्यात तगवणारा अंगभर पोशाख, घालायला लावला असेल. गरम अस्तराचा सूट शून्य ते दोन अंशांच्या पाण्यात सहा तास शरीराचं तापमान दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देत नाही, असा नियम आहे. ते स्लेजवाले तसलाच काहीतरी घालून होते, आणि त्यांच्या कमरेचा दोर काठावरच्या माणसांच्या हातात होता. शौर्य म्हणतोस ना, त्यातलं निम्मं त्या दोर धरणाऱ्यांचं. पण व्हिडिओ काढणारा त्यांच्याकडे कॅमेरा वळवत नाही, मेल्या!

तर तिकडे असं दिसलं तर आधी फोन किंवा वॉकीटॉकी. मग कुत्रं जिकडून आलं तिकडच्या बाजूने हाका मार, कारण तिकडच्या बर्फाने त्याला एकदा तरी पेललेलं असतं. आवाजाकडे ते वळतं. आकडीचा बांबू पोचत असेल तर टोकाला दोराचा फास करून पुढच्या पायांमागून घालायचा, गळ्यात नाही. नाही पोचलं तर नाही. उभं राहून बघायची हिंमत ठेव. उडी मारण्यापेक्षा ती जास्त लागते, मला विचार.

रविवारी सुकतीला जेटीवर ये. हीव्हिंग लाइन, टोकाला वजन बांधलेला तो फेकायचा बारीक दोर, फेकायला तुला कोर्समध्ये शिकवली असेल, पण वारा अंगावर असताना ती कुठे जाते ते बघायचंय मला. दोर मी आणतो. त्या चिडवणाऱ्या पोरांनाही घेऊन ये, बोये गोळा करायला कुणीतरी लागेलच.

तुझा,
सारंगकाका