अमाझिग (उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांच्या) संगीतावर आणि विणकामावर ध्वनिकलेचं काम करायचं आहे. रेकॉर्डिंग किती स्वच्छ हवं आणि कोणता मायक्रोफोन घेऊ?

मायक्रोफोन जवळ आहे तोच घ्या. वाऱ्यासाठी केसाळ टोपी तेवढी चांगली घ्या. बोलायचं आहे ते ‘स्वच्छ’वर, कारण त्या शब्दापायी माझं एक अख्खं काम वाया गेलंय.

दक्षिण मोरोक्कोतलं ताझनाख्त गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका घरात मी चार दुपारी बसले. उभा माग आणि समोर मांडीला मांडी लावून सासू-सून. आडवा धागा भरला की दातेरी लोखंडी फणी वरून आपटायची. तुम्हाला वाटेल, धप्प, संपलं. नाही. आधी लोखंडाची किणकिण, मग लोकरीत मुरलेला ठोका, आणि मागून सगळा ताणा, म्हणजे उभे धागे, बारीक थरथरतो. विणलेला भाग वर चढेल तसा मोकळा ताणा आखूड होतो आणि ती थरथर चढी लागते. गालिचा खालच्या दांड्यावर गुंडाळला की पुन्हा उतरते. हे मला तिसऱ्या दिवशी हेडफोनवर कळलं आणि अंगावर काटा आला.

आणि मोजणी! नक्षीसाठी सासू धागे मोजायची, यान, सिन, क्राद, कुझ... मधेच सुनेला काहीतरी बोलायची, मोजणी चुकायची, पुन्हा यानपासून.

पुण्यात परतल्यावर माझ्या जोडीदाराने (कामातल्या) मोजणी कापली, किणकिण गाळली, नुसता धप्प ठेवला आणि वर बेंदीर चढवला. बेंदीर आपल्या डफाच्या कुळातलं, पण कातड्याच्या आतून तात ताणलेली असते, म्हणून प्रत्येक थापेला घरघर उठते. ती मुद्दाम असते. वाजवण्याआधी कातडं विस्तवावर शेकतात, ते काय उगाच? त्याला मात्र वाटलं स्पीकर फाटलाय. तीही गाळली. मी भांडले, हरले. प्रदर्शनात आठ स्पीकर होते आणि त्यातला एकही आवाज त्या घरातला नव्हता.

जात्यावरच्या ओवीतून जात्याची घरघर काढून ऐका एकदा. काय उरतं?

हा आजार जुना आहे. १९५९ मध्ये अमेरिकन लेखक-संगीतकार पॉल बोल्स अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मोरोक्कोभर रेकॉर्डिंग करत हिंडला. मोठं काम, वादच नाही. पण रिफ डोंगरांतल्या एका वादकाला त्याने क्सबा ही वेताची बासरी एकट्याने वाजवायला लावली. वादक कुरकुरला: शब्द गाणारं कोणी नसेल तर क्सबा काय म्हणतेय ते कळणार कसं? बोल्सने स्वतःच हे लिहून ठेवलंय. वादकाचं बरोबर होतं.

तेव्हा तुम्ही कापू नका. ‘पारंपरिक’ आवाजाचा सोवळेपणाही नको. दक्षिणेतल्या सूस भागातल्या फिरत्या गायक मंडळींत, र्वायसमध्ये, नाकूस या धातूच्या तालवाद्याच्या जागी गाडीचा ब्रेकड्रमही वाजवतात.

फ्रिजची गुणगुण आणि मोबाइलची टरटर मात्र काढा, त्यावर माझा वाद नाही. बेंदीरला लेव्हल कमी ठेवा. बायकांच्या बोलण्यात घरातल्या गोष्टी असतात, म्हणून वापरण्याआधी तश्लही, म्हणजे तिथली अमाझिग भाषा, येणाऱ्या कोणाला तरी ऐकवा आणि त्या बायकांची परवानगी घ्या. मी हे उशिरा केलं. आणि हे सगळं दक्षिण मोरोक्कोपुरतं. सहारातल्या तुआरेगांचं इमझाद हे गजाने वाजवायचं वाद्य, केसांच्या एकाच तारेचं, फक्त बायकांनी वाजवायचं, २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेलं, हा वेगळाच विषय आहे.

गेल्या वर्षी मी दोन्ही फाइली त्या घरी पाठवल्या. स्वच्छ केलेली ऐकून सासूबाईंनी विचारलं, दार कोण ठोकतंय? मूळ फाइल सुरू झाली तशी त्या सुनेला म्हणाल्या, बघ, इथे तुझ्यामुळे चुकले होते.