जुना संगणक बदलताना विंडोज सोडावे का?

आपला दहा वर्षांचा संगणक विंडोज ११ घेत नाही आणि काम मराठी टंकलेखनाचे व किरकोळ छपाईचे आहे, तेव्हा आता ॲपलचा मॅक घ्यावा की लिनक्स या विनामूल्य संगणक प्रणालीकडे वळावे, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की आपल्या जुन्या फाइली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत हे तपासल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

परभणीत आमचा घरचा छपाईचा व्यवसाय आहे. आमचा संगणक थकला तेव्हा थोरल्या बंधूंनी पुण्यात एका डिझायनरकडे पाहिलेला मॅकच घ्यायचा, असा आग्रह धरला. मी नकार दिल्यावर मला नव्याची धास्ती वाटते, असे त्यांनी चारचौघांत बोलून दाखवले. ते मला फार लागले. मी आदल्या लग्नसराईतली एक पत्रिका पेनड्राइव्हवर घेतली आणि बंधूंच्याच ओळखीच्या एका मॅकवर ती उघडण्यास त्यांना सांगितले. ती पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या प्रोग्राममधली फाइल उघडलीच नाही, कारण पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ सालची, मॅकच्या नव्या प्रणालीसाठी ते कधी निघालेच नाही, आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्येही अशा फाइली उघडण्याची सोय सीएस६ या आवृत्तीपर्यंतच होती. तोच मजकूर वर्डमधून उघडला, तर वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची रांग दिसली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की खालचे रोमन उघडे पडते. फॉन्ट मॅकवर बसवताही येतो, परंतु आमचे टंकलेखन ज्या प्रोग्रामवर होते, तो विंडोजसाठीच होता.

बंधूंचे म्हणणे, जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावला की झाले. तसे होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, आणि रफाराचे नेमके उलट असते. त्यामुळे ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते, तर ‘कुलकर्णी’मध्ये रफार आणि वेलांटी मिळून जुन्या फॉन्टात एकच आकार असल्याने तो कन्व्हर्टरला ओळखू आला नाही की आडनावच मोडते. पत्रिकेत आडनाव चुकले तर यजमान ऐकून घेत नाहीत. म्हणून पुन्हा लागणारा मजकूर तेवढाच युनिकोडमध्ये आणून ओळ न् ओळ वाचून काढावा लागतो, मग संगणक कोणत्याही कंपनीचा असो.

आम्ही तसेच केले. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ पेजमेकरच्या फाइलींसाठी ठेवला, आणि नव्यावर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार घालून लेखनासाठी लिबरऑफिस व पानमांडणीसाठी स्क्रायबस यांवर काम सुरू केले. स्क्रायबसच्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात, आणि हे सारे विनामूल्य आहे. नव्याची धास्ती घेतलेला माणूस हाताला बसलेला पेजमेकर सोडून स्क्रायबस शिकत नाही, हे बंधूंनी अजूनही मान्य केलेले नाही.

मॅक वाईट आहे, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे जुन्या फॉन्टमधले काहीच नसेल, तर तो उत्तम चालेल. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हीकडे मिळतो. मात्र आताच्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, तर साध्या डेस्कटॉपमध्ये ती आपल्याच गावातला दुरुस्तीवाला बसवून देतो. मराठवाड्यात राहणाऱ्याने याचा विचार करावा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे आपला संगणक बदलणे योग्यच आहे. हिशेबासाठी टॅली वापरत असाल किंवा निविदांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावत असाल, तर माझे लिनक्सचे कौतुक बाजूला ठेवून विंडोज ११ चाच संगणक घ्यावा. तसे नसेल, तर खरेदीपूर्वी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालू करून आपल्या प्रिंटरवर एक मराठी पान काढून पाहावे, कारण काही स्वस्त लेझर प्रिंटरांना लिनक्सचा ड्रायव्हरच मिळत नाही.