‘झोऽ’ म्हणजे मूर्ती की हत्ती?

जपानीत मूर्ती आणि हत्ती दोन्ही ‘झोऽ’, म्हणून ‘बुत्सुझोऽ’ (बुद्धमूर्ती) लिहिताना चुकीचं अक्षर पडून मूर्तीचा हत्ती होतो, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि पोटात कालवलं. याच कांजीनं (जपानीतल्या चिनी अक्षरानं) माझं भाषांतराचं पहिलं काम घालवलं.

नमुना म्हणून मूर्तींवरचं एक पान जपानीत करायचं होतं. मी एकेक कांजी सुटी टाइप करायचे. नुसतं ‘झोऽ’ टाइप केलं, समोर आलेल्या कांजींच्या यादीतला पहिला पर्याय घेतला, तो हत्तीचा निघाला. पानभर तोच. संस्थेकडून एका ओळीचा नकार आला. काय चुकलं म्हणून दोन मेल केल्या, फोन केला, उत्तर नाही. मग आठ महिने मी व्याकरण घोटत बसले, कारण तेच कच्चं असणार असं वाटलं. तपासणाऱ्यानं त्या एका अक्षराखाली रेघ ओढली असती तरी पुरे होतं. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, अख्खा शब्द टाइप करा: बुत्सुझोऽ, दोऽझोऽ (ब्राँझचा पुतळा), सेकिझोऽ (दगडी मूर्ती). वहीत देवनागरी वापरत असाल तर लांब ‘ओ’ला अवग्रह द्याच, नाहीतर दोऽझोऽ आणि ‘घ्या ना’मधलं दोऽझो सारखंच दिसतं.

मूर्तीचा ‘झोऽ’ हातानं लिहिताना डावीकडे माणसाची खूण, उजवीकडे हत्तीची कांजी. आपल्याला गणपतीची मूर्ती आठवली की झालं! ही फक्त आठवणीची खूण. मुळात हत्तीचा भाग उच्चारही दाखवतो.

अर्थ मात्र ‘मूर्ती’ असा पाठ करू नका, ‘प्रतिमा’ असा करा. आपली प्रतिमा देव्हाऱ्यातही असते, आरशातही, लोकांच्या मनातही. मग गाझोऽ (चित्र, फोटोची फाइल), एइझोऽ (हलतं चित्र), जिगाझोऽ (स्वतःचं चित्र), सोऽझोऽ (कल्पना) आपोआप लागतात. फक्त ‘निर्मिती’लाही सोऽझोऽच म्हणतात, त्याची कांजी वेगळी.

इन्शोऽ (मनावरचा ठसा), गेन्शोऽ (घटना) यांत माणूस नाही, नुसता हत्ती. माझा ठोकताळा असा: उच्चार ‘शोऽ’ तर माणूस काढा. मी काही शिक्षिका नाही, तेव्हा शब्दकोशात एकदा बघून घ्या.

आणि मूर्ती मोजताना आकड्याला ‘को’ (साध्या वस्तू मोजायचा शब्द) नको, ‘ताइ’ लावा: इत्ताइ (एक), निताइ (दोन). क्योतोच्या सान्जूऽसान्गेन्दोऽ या बौद्ध मंदिरात सहस्रभुज कान्नोनच्या (करुणेच्या बोधिसत्त्वाच्या) 1001 मूर्ती आहेत, त्याही ‘ताइ’नंच मोजतात.