'गो'चा भूतकाळ 'वेन्ट' कसा? मुलगी विचारते, काय सांगू? आणि या एका शब्दाला इतके अर्थ का?

'वेन्ट' मुळात 'गो'चा नाहीच. 'वेन्ड' नावाचं वेगळं क्रियापद होतं. अर्थ वळणे, वाट धरणे. सेन्डचं सेन्ट, बेन्डचं बेन्ट, तसं वेन्डचं वेन्ट. 'गो'चा जुना भूतकाळ 'एओदे' असा काहीसा होता. १५व्या शतकाच्या सुमारास तो मागे पडला आणि 'वेन्ट' त्याच्या जागी कायमचा बसला. स्कॉटलंडमध्ये मात्र 'गो'लाच प्रत्यय लावून 'गेड' केलं. म्हणजे तुमच्या मुलीचा प्रश्न रास्त आहे.

मी हे आठवीत विचारलं होतं. सर म्हणाले, "इंग्रजी अशीच असते. पाठ कर, डोकं चालवू नकोस," आणि तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. मराठी शाळेतल्या पोरांनी इंग्रजीत कारण विचारायचंच नाही, ही ती शिकवण. माझ्या बाकावरचा मुलगा गणितात वर्गात पहिला यायचा. त्याला प्रत्येक पायरीचं कारण लागायचं. इंग्रजीत ते कुणी दिलं नाही, म्हणून त्याने त्या विषयाचा नादच सोडला. सर अजून भेटतात आणि अजून म्हणतात, "व्याकरणाला कारण नसतं."

असतं, सर. फळ्यावर 'जातो' आणि 'गेला' एवढं लिहिलं असतंत तरी पुरलं असतं. 'जा' आला संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' आला 'गत'वरून, म्हणजे 'गम्'वरून. दोन धातू, एक क्रियापद. वर्गातलं प्रत्येक पोर हे रोज न चुकता बोलत होतं.

'गो' हा 'गम्'वरून आला असं काही जण छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे. 'गम्'चा खरा भाऊबंद इंग्रजीतला 'कम'. आपलं 'गेला' आणि त्यांचं 'कम' एकाच मुळाचे आहेत!

अर्थांचं म्हणाल, तर 'जाणे'ही आपण कमी राबवत नाही. लाइट जाते, तोल जातो, नोकरी जाते, माणूस जातो. रोजच्या वापरातल्या शब्दांचं असंच होतं.

पेपरात अर्थातच 'वेन्ट'च लिहायचं, गुण त्यालाच आहेत. पाठांतरही लागतं, ते मी नाकारत नाही. पण आधी कारण, मग पाठांतर. मोठ्या इंग्रजी शब्दकोशात नोंदीतच व्युत्पत्ती दिलेली असते. मुलीला शेजारी बसवून ती वाचा, आणि तिच्या शिक्षकांनी "डोकं चालवू नकोस" म्हटलं, तर शाळेत जाऊन त्यांच्याशी बोला.