कर्लिंगवर पोट भरेल का? स्टर्लिंगहून आलेल्या पत्राला उत्तर

(स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगजवळ राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे : तेरा वर्षांची मुलगी दोन वर्षं क्लबात कर्लिंग, म्हणजे बर्फावर जड दगड घसरवत नेऊन वर्तुळात थांबवायचा सांघिक खेळ, खेळते. स्कॉटलंडच्या ऑलिंपिक विजेत्या ईव्ह म्युरहेडसारखी स्किप, म्हणजे संघाची कप्तान, व्हायचं म्हणते, अभ्यासात लक्ष नाही. तिला अडवावं की पाठिंबा द्यावा?)

ताई, नमस्कार.

पाठिंबा द्या, पण म्युरहेडची कारकीर्द तिच्यासोबत बसून पूर्ण बघा. मुलींना त्यातलं फक्त शेवटचं सोनं दिसतं. 2007 ते 2011 या काळात चार जागतिक ज्युनियर विजेतेपदं, 2013 मध्ये जगज्जेतेपद, 2014 मध्ये सोची ऑलिंपिकला कांस्य. मग 2018 च्या ऑलिंपिकमध्ये संघ कांस्यपदकाचा सामना जपानकडून हरला, त्याच वर्षी म्युरहेडच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. 2021 च्या जागतिक स्पर्धेत संघ पहिल्या सहांत आला नाही आणि ऑलिंपिकची थेट जागा हुकली. त्यानंतर नऊ जणींच्या गटातून संघ नव्याने बांधला गेला. त्याने डिसेंबरमधल्या पात्रता स्पर्धेतून जागा मिळवली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंगला जपानलाच 10-3 ने हरवून सुवर्ण घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये, 32 व्या वर्षी, म्युरहेड निवृत्त झाली. त्या नऊ जणींतून संघ निवडताना खुद्द तिचीही जागा गृहीत धरलेली नव्हती, हे मुलीला आवर्जून सांगा.

आता पैशाचं. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीतून खेळांसाठी येणारा निधी प्रशिक्षण कार्यक्रमात निवडलेल्या खेळाडूंनाच मिळतो. निवड गेली की तोही थांबतो. म्हणून दुसरा व्यवसाय हवाच. त्याच सुवर्ण संघातली विकी राइट तुमच्या जवळच्याच लार्बर्टच्या रुग्णालयात नर्स होती. 2006 आणि 2010 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारी स्वीडनची अनेट नोर्बेरी विमाक्षेत्रात ॲक्च्युअरी, तर कॅनडाची जेनिफर जोन्स वकील. सामन्यांचा मुख्य हंगाम शरद ऋतूपासून वसंतापर्यंत चालतो, त्यामुळे पाळ्या बदलून घेता येतील किंवा पदवी लांबवून पूर्ण करता येईल असा अभ्यासक्रम शोधा. शाळेतले विषय निवडताना गणित आणि जीवशास्त्र सोडू देऊ नका. बरेचसे रस्ते तिथूनच जातात.

तेराव्या वर्षी स्किपच व्हायचा हट्ट मात्र मोडून काढा. लीड आणि सेकंड, म्हणजे संघात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाने दगड सोडणाऱ्या, प्रत्येक एंडला (डावाला) सहा दगडांसोबत ब्रशने बर्फ घासत धावतात, म्हणजे दहा एंडच्या सामन्यात साठ दगड. दगडाचा वेग ओळखायची नजर तिथेच तयार होते. मागच्या रेषेपासून जवळच्या हॉग लाइनपर्यंत (जिच्या आधी दगड हातातून सोडावा लागतो) दगडाला किती वेळ लागला हे स्टॉपवॉचवर बघायचं, तो कुठे थांबेल याचा अंदाज मोठ्याने सांगायचा आणि मग ताडून बघायचा. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या फरकाने दगड काही फूट मागे-पुढे जातो. लहानपणापासून हाऊसमध्ये, म्हणजे लक्ष्याच्या वर्तुळात, उभं राहून फक्त हाका मारणाऱ्या मुलींची ही नजर कच्ची राहते, आणि पुढे स्किप झाल्यावर तेच नडतं.

दगड सोडताना तिला बाजूने उभं राहून बघा. उजव्या हाताची खेळाडू हॅकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या पाय टेकायच्या आधारात, उजवा पाय रोवून ढकलते आणि डाव्या पायावर घसरत जाते. गुडघा छातीशी येतो, डावा खुबा पूर्ण दुमडतो, दर वेळी तोच. वजन डाव्या पायावर न टाकता दगडावर टाकलं, की हँडल सोडताक्षणी ती एका बाजूला कलंडते आणि दगडाची रेषा बिघडते. उपाय साधा आहे : सरावाच्या सुरुवातीला काही वेळा दगडाशिवाय घसरायचं. तोल गेला तर दोष लगेच उघडा पडतो. बर्फाबाहेर दोन्ही पायांचे सारखे व्यायाम हवेत, नाहीतर एकच बाजू झिजते. जांघेत दुखलं की सराव थांबवून फिजिओथेरपिस्टकडे न्या. मलम चोळून पुढच्या सामन्याला उतरवू नका.

स्टर्लिंगमध्येच राष्ट्रीय कर्लिंग अकादमी आहे, हे तुमचं मोठं भाग्य. क्लबच्या प्रशिक्षकांना विचारा : ज्युनियर निवडीसाठी नावं कधी द्यायची, संघ जुळवताना कोण मदत करतं, आणि पुढच्या हंगामात तिला लीड म्हणून किती सामने मिळतील?

एक गोष्ट पत्रात आली नाही, पण महत्त्वाची आहे. ऑलिंपिकमध्ये ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व लागतं. मुलीकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर ब्रिटिश नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व जातं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) तेवढं मिळू शकतं. घरात सगळ्यांनी बसून हा निर्णय आत्ताच घ्या. निवड झाल्यावर कागदपत्रांची धावपळ करायला सवड मिळत नाही.